मानाची यादी आणि एरर अठ्ठावीस

माझे बाबा, बंडूजी, पिपरी मेघ्यात किराणा दुकान चालवतात आणि नात्यातल्या प्रत्येक लग्नात माइक चालवतात. दुकान ते एक वेळ दुसऱ्याच्या भरवशावर सोडतील, माइक सोडणार नाहीत. आमच्याकडे मंगलाष्टकांच्या आधी मानकऱ्यांची नावं पुकारतात. नाव आलं की माणसानं उठायचं, मंडपाच्या मधोमध जाऊन टोपी-दुपट्टा घ्यायचा आणि परत येऊन असं बसायचं की जसं काही आपल्याला त्याचं काहीच नव्हतं. खरं म्हणजे सगळा जीव त्यातच अडकलेला असतो. नाव येणार हे तर नक्कीच असतं. ते कोणाच्या आधी आलं आणि कोणाच्या नंतर, हे वीस-वीस वर्षं लक्षात ठेवलं जातं.

नियम एकच, आणि तो सगळ्यांना मान्य आहे. ज्या घरी आपली बहीण दिली, त्या जावयाचं नाव आपल्या नावाच्या आधी. ऐकायला सोपं आहे. पण माझ्या आईच्या माहेरी आल्यावर हा नियम तोंडावर आपटतो.

माझी आई सुमित्राबाई. तिचा भाऊ लक्ष्मणराव, म्हणजे माझा मामा, आष्टीला वांगी-मिरची पिकवतो आणि बाजारात स्वतः बसून विकतो. आईची बहीण शोभाबाई नालवाडीत दिली, रूपरावांना. ते माझे मावसाजी. आणि मामाची बायको मनकर्णा ही रूपरावांची सख्खी बहीण. साटंलोटं. तू माझी बहीण कर, मी तुझी करतो. दोन्ही लग्नं एकाच दिवशी, एकाच मंडपात, एकाच भटजीच्या तोंडून लागली. त्यामुळे मावसाजी हे मामाचे जावई आणि मामा हा मावसाजींचा जावई. दोघं एकमेकांना भाऊजी म्हणतात आणि दोघंही बरोबर म्हणतात. सगळं दुखणं तिथंच आहे.

अठ्ठ्याण्णव साली माझ्या मोठ्या बहिणीचं, रंजिताचं लग्न झालं. बाबांनी माइकवर आधी 'रूपरावजी, नालवाडी' म्हटलं. मामा उठला, धोतर झटकलं आणि सरळ मंडपाबाहेर गेला. नवरीच्या पाठीशी मामानं उभं राहायचं असतं. रंजिताच्या पाठीशी आईचा कोणीतरी लांबचा चुलतभाऊ उभा केला, ज्याचं नाव तिला आजही सांगता येत नाही. त्या दिवसापासून मामा आणि मावसाजी एकमेकांशी बोलत नव्हते. आणि घरातलं कोणीही त्यांच्याशी त्याबद्दल बोलत नव्हतं.

मला या प्रकाराचा फार राग होता. हा तोच मामा, ज्यानं मला सायकल शिकवताना आष्टीच्या बाजारात सरळ वांग्यांच्या ढिगात घातलं आणि वर मालकाला सांगितलं, "पोरीची काही चूक नाई. वांगे रस्त्यात होते." माझ्या लग्नात मला तोच पाठीशी हवा होता. मंडप, जेवण, साडी, कशाचंच मला फार काही नव्हतं. साडीचं थोडं होतं.

दोन हजार तीनच्या मे महिन्यात माझं योगेंद्रशी लग्न ठरलं. तेव्हा मी वर्ध्यातल्या एका कम्प्युटर क्लासमध्ये व्हिज्युअल बेसिक शिकवत होते. बाबा मानाच्या यादीची जुनी वही काढून उसासे टाकायला लागले तेव्हा मी म्हटलं, यादी कम्प्युटर करील.

"कम्प्युटरले मानपान समजते काय?" बाबांनी विचारलं.

"नियम सांगतला का समजते. आनं त्याले ना बहीण, ना जावई."

हे बाबांना इतकं पटलं की त्यांनी लगेच दोन्हीकडे फोन लावले. आष्टीहून मामा म्हणाला, "कम्प्युटर जे म्हणन ते मान्य. मशीनले कोनाचा पक्ष नसते." नालवाडीहून मावसाजी म्हणाले, "मले मंजूर हाय. मशीन झूट बोलत नाई." पाच वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं होतं, तेही एकमेकांना न कळता. आई पोळ्या लाटता लाटता नुसती हसली. मला वाटलं, तिला माझं कौतुक वाटतंय.

घरच्या कम्प्युटरवर प्रोग्राम लिहायला दोन संध्याकाळी लागल्या. दोनशे बारा नावं, प्रत्येकापुढं त्याची बहीण कुठं दिली ते. काम अगदी साधं ठेवलं होतं. एक माणूस घ्यायचा. त्याच्या वर कोण आहे ते पाहायचं, आधी त्याला यादीत बसवायचं, मग याला. वरच्याच्याही वर कोणी असेल तर आधी त्याला. बटण दाबलं. हार्ड डिस्क थोडी कुरकुरली आणि पडद्यावर राखाडी डबी आली. रन-टाइम एरर अठ्ठावीस, आउट ऑफ स्टॅक स्पेस. खाली एकच बटण, ओके. ते दाबलं की प्रोग्राम बंद. दुसरं दाबायला काही नाहीच.

"काऊन बंद पडलं?" बाबा मागंच उभे होते.

"चूक आली."

"उन्हानं झालं असन," असं म्हणून त्यांनी कूलरचं तोंड आमच्याकडून कम्प्युटरकडं फिरवलं. पुढचे चार दिवस घरात फक्त कम्प्युटरला गार वारा लागला.

आता मी क्लासमध्ये पोरांना काय शिकवायचे ते सांगते. चूक येणारच. कुठली येईल ते सांगता येत नाही, म्हणून खाली आधीच झोळी बांधून ठेवा. चूक आली की ती झोळीत पडली पाहिजे, जमिनीवर नाही. झोळी नसेल तर प्रोग्राम जागच्या जागी मरतो आणि समोरच्या माणसाला धड कारणही सांगत नाही. जो झोळी बांधत नसे त्याच्या वहीत मी लाल शेरा मारत असे. आणि माझ्या स्वतःच्या प्रोग्राममध्ये झोळी नव्हती. कारण काय, तर म्हटलं आपलेच नातेवाईक आहेत, काय होणार आहे.

शोध सुरू केला. अशा वेळी सरळ अर्धी यादी कापायची. शेवटची एकशे सहा नावं टाकून चालवलं, यादी सुरळीत निघाली. म्हणजे खोट उरलेल्या अर्ध्यात. तिचेही दोन भाग केले. बाबा बाजूला बसून हिंगणघाटची मंडळी वाचली, पुलगावची वाचली, असं म्हणत देवाचे आभार मानत होते. कापत कापत शेवटी दोनच नावं उरली. रूपराव आणि लक्ष्मणराव. दोघांना एकत्र टाकलं की प्रोग्राम मरायचा, वेगवेगळं टाकलं की मुकाट्यानं चालायचा.

मग एकेक ओळ पुढं सरकवत पाहिलं आणि मला हसू आवरेना. कम्प्युटर रूपरावांना बसवायला जायचा. त्यांच्या वर त्यांचा जावई, लक्ष्मणराव. बरं, आधी त्यांना बसवू. त्यांच्या वर त्यांचा जावई, रूपराव. बरं, आधी त्यांना. प्रत्येक वेळी अर्धवट सोडलेल्या कामाची एक चिठ्ठी तो पहिल्या चिठ्ठीवर ठेवायचा. चिठ्ठ्यांची चळत वाढत वाढत ठेवायला जागाच उरली नाही की एरर अठ्ठावीस. आमच्या घरानं तीस वर्षांत जे केलं होतं तेच त्यानं पाव सेकंदात केलं होतं.

"आई, तुले मालूम होतं ना हे?"

"मले कम्प्युटरमधलं काय समजते," आई म्हणाली. "पर ह्या दोघायचं मालूम होतं."

वयानं ठरवू म्हटलं, तर दोघांच्याही शाळेच्या दाखल्यावर एक जुलै एकोणीसशे एकोणपन्नास. त्या काळच्या मास्तरांनी अर्ध्या जिल्ह्याला एक जुलैलाच जन्माला घातलं आहे. खरा दुरुस्तीचा उपाय दोन ओळींचा होता. ज्याला एकदा विचारून झालं त्याच्यावर खूण करायची, म्हणजे फेरा थांबतो. पण करून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की ज्याचं नाव मी आधी टाइप करीन तो मागं जातो आणि नंतर टाइप करीन तो पुढं येतो. म्हणजे ठरवणार मी, आणि नाव होणार कम्प्युटरचं. मामाला पुढं केलं तर मावसाजी मावशीला घेऊन निघून जाणार, आणि आईला तेवढी एकच बहीण. मावसाजींना पुढं केलं तर माझ्या पाठीशी पुन्हा तोच लांबचा चुलतभाऊ.

मी त्या दोन ओळी खोडून टाकल्या. मला खरंच संताप आला होता. दोन साठीकडं झुकलेली माणसं, आणि त्यांचं भांडण सोडवायला मी रात्रंदिवस डोकं फोडतेय. व्हिज्युअल बेसिकमध्ये एक आळशी ओळ आहे, मी ती पोरांना वापरू देत नसे. ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट. म्हणजे चूक झाली तर बोलू नको, गुपचूप पुढच्या ओळीवर जा. रंजिताच्या लग्नानंतर आमचं सगळं घर याच ओळीवर चाललं होतं. मी ती टाकली आणि क्लासमधल्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर यादी सोडली.

कम्प्युटर अडकला, गुपचूप पुढं गेला आणि त्या सगळ्या चिठ्ठ्या एकेक करून उलगडायला लागला. प्रिंटर कर्र कर्र करत सुटला. रूपराव. लक्ष्मणराव. रूपराव. लक्ष्मणराव. एका पानावर साठ नावं. नव्वद पानं झाली तेव्हा कागद संपला, नावं संपली नव्हती. बाकीच्या दोनशे दहा पाहुण्यांपैकी एकाचाही पत्ता नाही. क्लासचा शिपाई म्हणाला, "मॅडम, हे दोघंच येऊन राह्यले काय लग्नाले?"

मी दोन्हीकडं निरोप पाठवला. यादी आली, रविवारी येजा, स्वतःच्या डोळ्यानं पाह्यजा.

रविवारी दुपारी मामा आष्टीच्या एसटीनं आला, मनकर्णा मामीला आणि एक पोतं वांगी घेऊन. मावसाजी आणि शोभामावशी लुनावर आले. दोघं पुरुष ओसरीच्या दोन टोकांना, दोन खांबांना टेकून बसले. मी मधोमध ती कागदाची घडी ठेवली आणि कामाचं निमित्त काढून दाराआड उभी राहिले.

मावसाजींनी चष्मा लावला. "पह्यलं नाव माह्यं हाय," ते म्हणाले, छताकडं पाहून.

मामानं घडीच्या तळाचं पान ओढलं. "शेवटचं माह्यं हाय. ज्याच्यावर येऊन थांबते तो मोठा राह्यते."

"कागद सरला म्हणून थांबलं ते," बाबा म्हणाले.

"मंग मोजून पाहू," मामा म्हणाला. "ज्याचं नाव जास्त वेळा असन त्याचा मान."

आई सूप घेऊन निघाली होती, थांबली. "एकाआड एक तं हाय. मोजता कायले?"

"मधात कोठं घसरलं असन तं?" मामा म्हणाला, आणि मावसाजींनी मान डोलावली. विरोधकाच्या बोलण्याला मान डोलावल्याचं त्यांना उशिरा लक्षात आलं.

तर असं ठरलं की एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं पेन्सिलीनं खूण करायची. दर पानाला अदलाबदल. बाबांनी दोघांना जवळ बसवलं, कारण कागद एकच होता आणि पेन्सिलही एकच. सुरुवातीला मावसाजी 'लक्ष्मणराव' असं वाचायचे की जसं कोर्टात आरोपीला पुकारताहेत. मामा 'रूपराव' म्हणताना दर वेळी मध्येच खाकरायचा. सातव्या-आठव्या पानापर्यंत खाकरणं गेलं. विसाव्या पानावर मावसाजी म्हणाले, "थांबा, पानी पेतो," आणि तांब्या आधी मामाकडं सरकवला, सवयीनं. पाहुण्याला आपण देतोच ना. मामाही प्याला, सवयीनं.

तीस पानांनंतर मोजणी चुकली. पुन्हा पहिल्यापासून. बायका आत गेल्या. मनकर्णा मामी आणि शोभामावशी दोघी एकमेकींच्या नणंदाही आणि भावजयाही. त्यांच्यातही तोच पेच आहे, पण त्यांनी त्यावर कधी एक मिनिट घालवलं नाही. त्या वांगी चिरत होत्या आणि बाहेरच्या आवाजावर तोंडात पदर धरून हसत होत्या.

चाळिसाव्या पानाच्या आसपास वाचणं आणि गप्पा यातला फरक मिटला. "लक्ष्मणराव. रूपराव. लक्ष्मणराव. मिरचीले औंदा भाव काय होता, भाऊजी? रूपराव." "पडेल होता. लक्ष्मणराव. तुमच्या गुडघ्याचं कसं हाय?" पाच वर्षांचं साठलेलं होतं, तेही एकाआड एकच निघत होतं.

मला हे फार आवडत होतं, आणि म्हणूनच ते सहन होईना. कारण कागद खोटा होता आणि तो छापणारी मी होते. साठाव्या पानावर मी बाहेर आले आणि त्यांच्यासमोर बसले.

"मोजू नका," मी म्हटलं. "ही यादी नाई. ही चूक हाय. कम्प्युटरले समजलंच नाई तुमच्यातलं मोठं कोन, तो फिरत राह्यला नं पडला. मी मुद्दाम छापलं."

मावसाजींच्या हातात पेन्सिल तशीच होती.

"आता मी ज्याले पुढं टाकीन तो पुढं येईन. मले ठरवता येत नाई. मले मावशी पायजे, मावसाजी, तुमी पायजे. आनं मामा, मले तू माह्या पाठीशी पायजे. रंजूच्या लग्नात तू गेला, ते मी आजवरी विसरली नाई."

मी रडणार नव्हते, पण आवाजानं ऐकलं नाही. मामा कागदाच्या कडेची भोकं मोजल्यासारखा बोट फिरवत राहिला.

"मी गेलतोच नाई," तो म्हणाला. "बाहीर निंघालो, पर पाय नाई उचलले. मंडपाच्या मांगं, कनातीच्या पल्याड उभा होतो. मंगलाष्टकं सरेपर्यंत. हातात अक्षता होत्या, त्या तथूनच टाकल्या. वाटलं, कोनीतरी बलावन."

आत विळीचा आवाज थांबला. मग मावसाजींनी चष्मा काढला.

"मले मालूम होतं," ते म्हणाले. "मी टोपी घ्याले गेलो तवा कनातीच्या खालून तुमच्या वहाना दिसल्या. तुमच्याच होत्या, एकीचा अंगठा शिवेल. मी पाह्यलं. आनं कोनाले सांगतलं नाई."

मला वाटलं, आता मामा उठतो आणि एसटी गाठतो. मनकर्णा मामी दारात येऊन उभी राहिली होती, हातातलं वांगं तसंच अर्धं चिरलेलं.

"मयुरी," मावसाजी म्हणाले, "याचं नाव आधी टाक."

"काऊन?" मामा एकदम ताठ झाला. "मले दान देऊन राह्यले काय? तुमचं टाका आधी."

"मी सांगून राह्यलो ना, याचं आधी."

"नाई. याचं."

"मोठे तुमी हा."

"मोठे तुमी. तुमच्या घरी माही बहीण हाय."

"आनं माही कोनाच्या घरी हाय?"

दोघांचा आवाज इतका चढला की शेजारचे लोक फाटकाशी आले. बाबांनी डोक्याला हात लावला. भांडण तेच होतं, तितकंच जुनं आणि तितकंच न सुटणारं, फक्त आता दोघंही उलट्या बाजूनं ओढत होते. मी प्रोग्राम उलटा फिरवला असता तरी एरर अठ्ठावीसच आली असती. शेवटी आई बाहेर आली आणि म्हणाली, वांग्याची भाजी झाली आहे, ज्याला आधी वाढून घ्यायचं नाही त्यानं उपाशी राहावं. दोघंही जेवायला उठले. कोण आधी बसलं ते मी मुद्दाम पाहिलं नाही.

त्या आठवड्यात मी खूण करायच्या दोन ओळी परत टाकल्या आणि मामाचं नाव पुढं येईल असं टाइप केलं. मावसाजींनी सांगितलं होतं म्हणून. माझ्या मनातही तेच होतं, हेही खरं.

लग्नाच्या संध्याकाळी मंडप गच्च भरला होता. अंतरपाट धरायला अजून पाच-दहा मिनिटं होती आणि मी पाटावर उभी होते, मान खाली घालून. मामा माझ्या पाठीशी येऊन उभा राहिला होता, नवीन टोपी घालून. बाबांनी माइक फुंकला आणि आईच्या माहेरची यादी सुरू केली.

"लक्ष्मणरावजी, आष्टी. यांनी मंडपाच्या मधात यावं."

मामा हलला नाही.

बाबांना वाटलं ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा पुकारलं, जरा मोठ्यानं. लोक इकडंतिकडं पाहायला लागले. पहिल्या रांगेत मावसाजी अर्धे उठून मामाला हातानं खुणावत होते, जा, जा म्हणून. तिसऱ्यांदा नाव आलं तेव्हा लाउडस्पीकर शिट्टी मारायला लागला.

"मामा, जा ना," मी मान न वळवता कुजबुजले. "तुह्यं नाव पह्यलं हाय."

"पुकारू दे," मामा म्हणाला. "तू समोर पाह्य. मी येथून हालत नाई."